जनावरांच्या खाद्याची निवड

जनावराचं वय, वजन, दूध, गाभण आहे का, कामाला जुंपलंय का हे सगळं बघून वैरण, खुराक (धान्य-पेंडीचं मिश्रण), खनिज मिश्रण आणि पाणी यांचा मेळ बसवणं म्हणजे खाद्याची निवड. पण सुरुवात करावी लागते पोटापासून. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी, यांच्या पोटाचे चार कप्पे, त्यातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात म्हणजे कोठीपोटात जिवाणूंची वस्ती असते आणि कडब्यातला चोथा तेच फोडतात, त्यामुळे आपण गाईच्या आधी त्यांनाच जेवायला घालत असतो म्हणा ना. डुकराकडे आणि कोंबडीकडे ही सोय नाही, त्यांचा भर धान्य-पेंडीवर. घोडा रवंथ करत नाही पण मागच्या मोठ्या आतड्यात चारा पचवतो.

आता हिशोब. मोठं दुभतं जनावर दिवसाला वजनाच्या साधारण अडीच ते तीन टक्के खातं, पण हे कोरड्या मापात, पाणी वजा करून, आणि बहुतेकांचं गणित इथेच फसतं. ४०० किलोच्या गाईला १० ते १२ किलो कोरडा भाग लागतो. हिरव्या चाऱ्यात ७५ ते ८० टक्के पाणीच असतं, म्हणजे ३० किलोचा भारा टाकला तरी पोटात जातो ६-७ किलो, गव्हाण भरलेली दिसते आणि गाय अर्धपोटी! कडब्यात पाणी जेमतेम १० टक्के, पण त्यात प्रथिनं कमी, म्हणून दोन्ही मिसळून कुट्टी म्हणजे बारीक तुकडे करून घालतात. कुट्टी केली नाही तर जनावर पानं ओरपतं आणि जाड बुडखे तसेच ठेवतं.

दुभत्याला खुराक दुधाच्या मापात, ढोबळमानाने दर अडीच लिटरला १ किलो. दूध वाढवायच्या नादात एकदम धान्य ओतलं तर कोठीपोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबते, जनावर दगावूही शकतं, म्हणून कुठलाही बदल १०-१५ दिवसांत हळूहळू करायचा.

चांगला चाराही वेळ चुकली की घात करतो. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, तर ओला लसूणघास उपाशीपोटी भरपूर खाल्ला की पोटफुगी. बुरशी लागलेली पेंड तर नकोच, तिचं विष दुधातही उतरतं. गाईचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नये, त्यातलं तांबं तिला सोसत नाही (हे भल्याभल्यांना माहीत नसतं).

निवड जमली का ते शेण सांगतं. अख्खे दाणे दिसले तर भरडा जाड राहिलाय, फार पातळ झालं तर धान्य जास्त किंवा चारा फार कोवळा, आणि कडक गोळे पडले तर पाणी कमी पडतंय का ते आधी बघायचं.