अपग्रेडनंतरच्या काळ्या स्क्रीनमागची तीस-पस्तीस वर्षं

नवतपाचे दिवस होते. नागपुरात त्रिमूर्ती नगरातल्या एका अभ्यासिकेतले सहा कॉम्प्युटर मी सांभाळतो. त्यांतल्या एकावर आदल्या रात्री लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती चढवली होती. सकाळी साडेसातला तिथल्या एका मुलीचा फोन आला, "दादा, काही दिसूनच नाही राहिलं. काल तर चालून राहिलं होतं." तिचा एमपीएससीचा सराव पेपर त्याच मशीनवर होता. जाऊन पाहिलं तर पंखा फिरत होता, कॅप्स लॉक दाबला की दिवा लागत होता. मशीन जिवंत होतं, स्क्रीन तेवढी काळी.

लिनक्स वापरणाऱ्या कितीतरी जणांनी ही स्क्रीन कधी ना कधी पाहिलेली असते. अपग्रेडनंतर आवाज येतो, नेट चालतं, फाइल्स जागच्या जागी असतात. मग ग्राफिक्सच का अडतं? हे कळलं की दुरुस्ती निम्मी झाली असं मी मानतो, आणि ते कळायला बरंच मागे जावं लागतं.

एमआयटीत १९८४ मध्ये 'एक्स' ही खिडक्या दाखवणारी प्रणाली तयार झाली आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. तीच एक्स ११. लिनक्स तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. १९९२ च्या सुमारास एक्सफ्री८६ हा प्रकल्प उभा राहिला आणि एक्स साध्या पीसीवर चालू लागला. त्या व्यवस्थेत ग्राफिक्स कार्डाशी बोलायचं काम कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या मुळाशी बसून हार्डवेअर सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे, नव्हतंच. एक्स सर्व्हर हा एक भलामोठा प्रोग्राम रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालायचा आणि थेट कार्डाच्या रजिस्टरांत (आतल्या छोट्या नोंदजागांत) लिहायचा. कर्नलला त्याचा पत्ताही नसायचा. नव्वदच्या दशकात पीसीक्वेस्ट मासिकासोबत आलेल्या सीडीवरून ज्यांनी लिनक्स टाकलं, त्यांना एक्सएफ८६कॉन्फिग ही फाइल आठवत असेल. मॉनिटरची आडवी आणि उभी फ्रीक्वेन्सी त्यात स्वतः लिहायची, मोडलाइन जुळवायची. आकडा चुकला तर पिक्चर ट्यूबचा मॉनिटर खराब होऊ शकतो, असा इशारा सोबतच्या माहितीत असे.

या रचनेचा मोठा तोटा असा की एक्स कोसळला की सगळंच अंधारात. कार्ड कोणत्या मोडमध्ये आहे हेच कर्नलला ठाऊक नसल्यामुळे त्याला स्क्रीनवर चूक झाल्याचा संदेशसुद्धा लिहिता येत नसे. कर्नल आत ओरडत असला तरी बाहेर कोणाला दिसत नसे. हे बदललं २००९ मध्ये. त्या मार्चमध्ये आलेल्या २.६.२९ या कर्नलपासून इंटेलच्या चिपसाठी रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट ठरवायचं काम कर्नलने स्वतःकडे घेतलं. याला कर्नल मोड सेटिंग म्हणतात. त्याच वर्षी रेडिऑन कार्डांचीही सोय झाली.

'नोमोडसेट' हा शब्द इथून आला. ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडायला देणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीत 'ई' दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी तो लिहिला, की कर्नल मोड बदलायच्या भानगडीत पडत नाही आणि फर्मवेअरने (हार्डवेअरमध्येच भरलेल्या प्रोग्रामने) दिलेल्या साध्या चित्रावर काम भागवतो. स्क्रीन दिसू लागते, त्यामुळे अनेक जण तो शब्द तसाच कायम ठेवतात. कृपा करून असं करू नका. त्या अवस्थेत कार्ड नुसतं बसून असतं आणि खिडक्या, व्हिडिओ, सगळं प्रोसेसर रंगवत बसतो. मे महिन्यात ४५ अंशांच्या नागपुरात कूलरसमोर ठेवलेलं मशीनसुद्धा अशाने तापतं. नोमोडसेट फक्त निदानासाठी आहे. त्याने चित्र दिसलं तर रोग ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, आहे एवढं समजायचं, दुरुस्ती करायची आणि तो शब्द काढून टाकायचा.

आता मुख्य गोष्ट. लिनक्सच्या कर्नलने बाहेरच्या प्रोग्रामांना एक शब्द दिलेला आहे आणि तो कसोशीने पाळला आहे: काल चालणारा प्रोग्राम उद्याच्या कर्नलवरही चालेल. स्वतःच्या पोटातल्या भागांबद्दल मात्र त्याने असा शब्द कधीच दिला नाही. आतली फंक्शनं बदलतात, त्यांना द्यायच्या गोष्टी बदलतात, काही तर नाहीशीच होतात. जो बदल करतो त्यानेच कर्नलच्या मूळ झाडातले, म्हणजे त्याच्या अधिकृत कोडमधले, सगळे ड्रायव्हर नव्या पद्धतीला जुळवून द्यायचे, अशी रीत आहे. त्यामुळे झाडातल्या ड्रायव्हरला काही होत नाही. झाडाबाहेरचा ड्रायव्हर मागे राहतो आणि त्याला दर वेळी धावत येऊन गाठावं लागतं. हा निर्णय जाणूनबुजून घेतलेला आहे. जुन्या चुकांचं ओझं पिढ्यान्‌पिढ्या वाहावं लागू नये, आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी आपला कोड झाडात आणावा, हे त्यामागचं कारण. मला तो निर्णय योग्य वाटतो. पण त्याची किंमत अनेकदा ती मोजते, जिचा सराव पेपर साडेसातला असतो, हेही तितकंच खरं.

झाडाबाहेर राहिलेल्यांत सर्वांत मोठं नाव एनव्हिडियाचं. त्यांचा लिनक्सचा ड्रायव्हर २००० च्या आसपासपासून वर्षानुवर्षं बंदिस्त होता. त्याचा गाभा तयार बायनरी स्वरूपात यायचा आणि त्याभोवती सी भाषेतला एक पातळ थर असायचा. हा थर तुमच्या मशीनवर, तुमच्याच कर्नलशी जुळवून कंपाइल (यंत्राच्या भाषेत रूपांतर) व्हावा लागे. कर्नल बदलला की ते काम पुन्हा करायचं. हे हाताने करणं फार त्रासाचं होतं. डेल कंपनीच्या लिनक्स अभियंत्यांनी २००३ मध्ये डीकेएमएस लिहिलं, ते याच दुखण्यावर: नवा कर्नल आला की बाहेरची मॉड्यूलं (कर्नलमध्ये घालायचे तुकडे) आपोआप पुन्हा बांधली जातात.

आपोआप, पण अटींवर. त्या कर्नलची हेडर फाइलांची पॅकेजं लागतात, जुळणारा कंपायलर लागतो, डिस्कवर जागा लागते, आणि मधे वीज जाऊन चालत नाही. (उन्हाळ्यात दुपारी अपग्रेड सुरू करायचं नाही, हा नियम मी वीज गेल्यामुळेच केला आहे.) यांतलं एक जरी चुकलं तरी मॉड्यूल बनत नाही. अपग्रेड मात्र पूर्ण होतं, कारण त्याच्या दृष्टीने बाकीचं सगळं जागेवर असतं. चूक झाल्याची ओळ शेकडो ओळींच्या गर्दीत वर सरकून जाते. जुन्या कर्नलसाठी बनवलेलं मॉड्यूल नव्यात घालायला गेलं, तर त्यावर कोरलेली आवृत्ती जुळत नाही म्हणून कर्नल ते दारातच अडवतो.

२०१२ मध्ये विंडोज ८ सोबत सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड सुरू होऊ देणारी सोय) सर्वत्र आलं आणि यात आणखी एक कडी जोडली गेली. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर अनेक डिस्ट्रो (लिनक्सचे तयार संच) सही नसलेलं मॉड्यूल चालू देत नाहीत. तुमच्या मशीनवर बनलेल्या मॉड्यूलवर सही करायला मशीनचीच एक किल्ली तयार होते, ती नोंदवावी लागते, आणि त्यासाठी पुढच्या बूटला एक निळी स्क्रीन येते. बहुतेक जण घाबरून तिथे 'कंटिन्यू' दाबतात. किल्ली नोंदली जात नाही, मॉड्यूल उत्तम बनलेलं असूनही दाराबाहेर राहतं. अशी दोन मशीनं मी पाहिली. तिथे ड्रायव्हर तीन-तीनदा काढून घातला होता आणि दोष त्यात नव्हताच.

बंदिस्त ड्रायव्हरला पर्याय म्हणून २००६ च्या सुमारास नूवो हा प्रकल्प सुरू झाला. फ्रेंचमध्ये याचा अर्थ 'नवा'. कंपनीकडून कागदपत्रं नाहीत, म्हणून बंद ड्रायव्हर कार्डाच्या रजिस्टरांत काय लिहितो याच्या नोंदी काढायच्या आणि त्यावरून कार्डाची भाषा शिकायची. जगभरच्या लोकांनी आपापल्या कार्डांच्या नोंदी पाठवल्या. इतक्या चिकाटीचं काम मी फार थोडं पाहिलं आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये २.६.३३ कर्नलसोबत नूवो मूळ झाडात आला. पुढे २०१४ च्या पिढीपासून कार्डं फक्त कंपनीची सही असलेलं फर्मवेअर स्वीकारू लागली, आणि नूवोला त्या कार्डांचा वेग वाढवणंच अशक्य झालं. चित्र दिसायचं, पण कार्ड सुरुवातीच्या संथ गतीवर अडकून राहायचं.

काळ्या स्क्रीनचं एक नेहमीचं कारण इथेच दडलेलं आहे. एकाच कार्डावर दोन ड्रायव्हर चालू शकत नाहीत, म्हणून बंदिस्त ड्रायव्हर बसताना नूवोला काळ्या यादीत टाकतो. अपग्रेडनंतर बंदिस्त मॉड्यूल बनलं नाही, तरी काळी यादी तशीच राहते. एक आला नाही आणि दुसऱ्याला येऊ दिलं नाही.

एएमडीची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण ती सुखाची आहे. २००६ मध्ये त्यांनी एटीआय विकत घेतली, २००७ मध्ये कार्डांची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली आणि २०१५ मध्ये ४.२ कर्नलसोबत एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर झाडात आणला. त्याआधीचा त्यांचा एफजीएलआरएक्स हा बंदिस्त ड्रायव्हर उबंटू या डिस्ट्रोच्या १६.०४ आवृत्तीत गळाला, तेव्हा त्यावर विसंबलेल्या अनेकांना अपग्रेडचा फटका बसला. तो शेवटचा मोठा. इंटेल बहुतांशी पहिल्यापासूनच झाडात.

एक्सच्या जागी आलेल्या वेलँड या नव्या प्रणालीने मधे वेगळीच गुंतागुंत केली. उबंटू १७.१० ने ते आपलं नेहमीचं सेशन म्हणून स्वीकारलं, १८.०४ ने पुन्हा एक्सकडे परतायला लावलं. लॉगिन होऊन खिडक्या लुकलुकत असतील तर लॉगिनच्या वेळी चाकाच्या चिन्हावरून एक्सचं सेशन निवडून पाहायचं, हा उपाय कित्येक वर्षं कामी आला. उबंटू २५.१० मध्ये ग्नोम या डेस्कटॉपचं एक्स सेशनच काढून टाकलं गेलं.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियानेही कर्नलमधल्या मॉड्यूलांचा कोड खुला केला, पण तो २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी. मागच्या कार्डांचं काय, हे ड्रायव्हरच्या जुन्या शाखांवरून (आवृत्त्यांच्या मालिकांवरून) कळतं. ३४० ही शाखा २०१९ अखेरीस थांबली, फर्मी पिढीची ३९० शाखा २०२२ अखेरीस, केपलरची ४७० शाखा २०२४ मध्ये. शाखा थांबली म्हणजे त्यानंतर कर्नलच्या पोटात जे बदलेल ते त्या ड्रायव्हरला कोणी शिकवणार नाही.

अभ्यासिकेतलं कार्ड असंच दहा-बारा वर्षं जुनं, बर्डीच्या बाजारातून सेकंडहँड घेतलेलं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबल्यावर लॉगिनची ओळ आली, म्हणजे कर्नल ठीक होता. डीकेएमएसला विचारलं तर मॉड्यूल फक्त जुन्या कर्नलसाठी बनलेलं. लॉग उघडला तर एका फंक्शनला द्यायच्या गोष्टी बदलल्याची तक्रार. तो ड्रायव्हर आता बनणारच नव्हता. मग तो काढला, काळ्या यादीची फाइल काढली, आणि बरेच जण विसरतात ते केलं: इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरायचा फाइलांचा छोटा संच) नव्याने बांधलं, कारण काळ्या यादीची एक प्रत तिथेही असते. रीबूट केल्यावर नूवोने स्क्रीन उजळली. पावणेनऊला तिने पेपर उघडला.

उरलेल्या पाच मशीनपैकी दोनांत पास्कल पिढीची कार्डं आहेत. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या तिन्हींना सांभाळणारी ५८० ही शेवटची शाखा. त्या दोन्ही कॅबिनेटवर मी मार्करने लिहून ठेवलं आहे: 'शाखा ५८०, अपग्रेडआधी मला विचारा'.