'तुंबाड': नाव कोकणचे, गोष्ट नागझिऱ्यात ऐकलेली

रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यात, जगबुडी नदीच्या काठी तुंबाड हे गाव आहे. मराठी वाचकांत हे नाव रुजवले ते श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या द्विखंडी कादंबरीने. राही अनिल बर्वे यांनी आपल्या भयपटासाठी तेच नाव घेतले. मात्र त्यातली गोष्ट पेंडशांची नव्हे.

'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणारे अनिल बर्वे हे राहींचे वडील. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने राहींना नारायण धारपांची एक भयकथा सांगितली, आणि तिने धरलेला पिच्छा पुढे पंचवीस वर्षे सुटला नाही. पहिला खर्डा १९९७ मधला, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षीचा. मधल्या काळात 'मांजा' हा लघुपट झाला. 'तुंबाड'चे चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झाले. संकलित झालेला चित्रपट मनाजोगता न उतरल्याने २०१५ मध्ये बराच भाग नव्याने चित्रित करावा लागला, आणि अखेर १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो प्रदर्शित झाला.

या विलंबाचे एक कारण पाऊस होते. खऱ्या पावसाळी उजेडाच्या हट्टापायी चित्रीकरण चार पावसाळे चालले. ज्याने आषाढात दांडीवरचे धोतर चार-चार दिवस ओले राहिलेले आणि जांभ्याच्या गडग्यावर शेवाळ चढलेले पाहिले आहे, त्याला तो उजेड ओळखीचा वाटतो.

चित्रपटातला सोन्याचा लोभी, शापित देव हस्तर मात्र कोकणचा नाही. येथल्या राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवतेला, वर्षाचा नारळ आणि आपली हद्द राखलेली पुरते. हस्तरच्या लंगोटातल्या सोन्याच्या मोहरा त्याला कणकेची बाहुली देऊन, तो ती खाण्यात गुंतलेला असताना हिसकाव्या लागतात. कोकणी वाचकाला अधिक जवळचा वाटावा तो चित्रपटातल्या वाड्याचा मालक 'सरकार': खोताच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराच्या, घरचे वैभव कुळांच्या कष्टावर उभे असे, आणि ही खोती पद्धत मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्येच मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. चित्रपटाचा शेवटचा अध्याय १९४७ मध्ये, वाडा शासनाच्या ताब्यात जाण्याच्या बेतात असताना घडतो. प्रत्यक्षात खोती संपवणारा कायदा त्यानंतर दोन वर्षांनी, १९४९ चा.