डोंगर पेटवला की गवत चांगलं येतं?

पन्हाळा, जोतिबाच्या बाजूला उन्हाळ्यात डोंगर पेटला की हमखास ऐकू येतं, "जळू दे की, पावसात गवत झकास येतंय!" नाही हो. गवत येतं पावसानं, वाळकी काडी जळून गेल्यामुळं हिरवा कोंब फक्त लवकर नजरेत भरतो, आणि राख तर उतारावरनं पहिल्याच वळवात वाहून जाते, पाठोपाठ उघडी पडलेली मातीपण. बोटभर उंचीची जांभळाची, हिरड्याची रोपं, उघड्यावर घातलेली टिटवीची अंडी, सगळं खलास!

अमेरिकेतल्या लॉजपोल पाइन या झाडाचे बरेच शंकू (बिया असलेली बोंडं) आगीच्या उष्णतेनं उघडतात आणि बी पडतं हे खरंय, पण म्हणून ते आपल्या घाटाला लागू होत नाही, इथं वणवा बहुतेक माणूसच लावतो. वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे गवत आधीच जाळून मोकळा पट्टा करतं, तेसुद्धा ठरलेल्या पट्ट्यातच, आग पुढं जाऊ नये म्हणून. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. धूर दिसला की वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा.