फिलिपिन्समध्ये फक्त वकीलच राष्ट्राध्यक्ष होऊ शकतो?

‘फिलिपिन्समध्ये वकिलीची परीक्षा पास झाल्याशिवाय राष्ट्राध्यक्ष होता येत नाही’ असा मेसेज अधूनमधून फिरतो. तो खरा नाही.

तिथली १९८७ची राज्यघटना नेटवर इंग्रजीत मिळते. सातवा अनुच्छेद, दुसरं कलम काढा. छोटंसंच आहे: जन्माने नागरिक, मतदार म्हणून नोंद, लिहितावाचता येणं, मतदानाच्या दिवशी किमान ४० वर्षं वय आणि त्याआधी सलग दहा वर्षं देशात वास्तव्य. पदवीचा उल्लेखच नाही. वकिलीची अट आहे ती सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना: न्यायाधीश म्हणून किंवा वकिलीत १५ वर्षं.

समज पसरला त्यालाही कारण आहे. १९३५पासून १९५३पर्यंत तिथले सगळे राष्ट्राध्यक्ष वकीलच होते. शिवाय आपल्याकडे ‘ॲड.’ लावतात तसं तिथे वकिलाला ‘अटर्नी’ म्हणूनच हाक मारतात, प्रचाराच्या फलकावरही नावाआधी ते दिसतं. लांबून पाहणाऱ्याला ती अट वाटणं स्वाभाविक आहे.

पण १९९२ साली निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष लष्करातले होते. १९९८ साली आलेले तर सिनेनट, कॉलेज अर्धवट सोडलेले.