वाणसामान घेताना पैसे नेमके कुठे वाचतात : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

महिन्याची यादी तीच असूनही बिल मात्र दर खेपेस वाढलेले का दिसते, असे आमचे अनेक ग्राहक गल्ल्यापाशी उभे राहून विचारतात. महागाई हे त्याचे एक कारण आहेच. पण खरेदीच्या काही सवयी बदलल्यास त्याच यादीतून बरीच रक्कम शिल्लक राहू शकते, असा दुकानात बसून घेतलेला आमचा अनुभव आहे. खालील माहितीतील काही गोष्टींमुळे आमची विक्री थोडी कमी होईल, याची आम्हांस कल्पना आहे.

पाकिटावरील किंमत पाहण्याआधी त्यावरील निव्वळ वजन पाहावे. पूर्वी अर्धा किलो किंवा एक किलो अशी ठरावीक वजने असत. आता 450 ग्रॅम, 850 ग्रॅम अशी पाकिटे सर्रास येतात व दिसायला ती जुन्या पाकिटाएवढीच असतात. समजा, एका कंपनीचे 450 ग्रॅमचे पाकीट 90 रुपयांस व दुसऱ्या कंपनीचे 500 ग्रॅमचे 95 रुपयांस आहे, तर हात साहजिकच 90 रुपयांच्या पाकिटाकडे जातो. प्रत्यक्षात पहिल्याचा दर ग्रॅमला 20 पैसे व दुसऱ्याचा 19 पैसे पडतो. हा हिशेब तोंडी करण्याची गरज उरलेली नाही, कारण छापील कमाल किमतीजवळच एकक विक्री किंमत बारीक अक्षरांत दिलेली असते : माल किलोपेक्षा कमी असल्यास ग्रॅमचा दर आणि जास्त असल्यास किलोचा. चष्मा घरी विसरला असल्यास आमच्या मुलांकडून वाचून घ्यावी.

मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. शांपूच्या बाबतीत कित्येकदा छोट्या पुड्यांचा दर बाटलीपेक्षा कमी निघतो.

सर्वांत जास्त गोंधळ खाद्यतेलात होतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. बाजारात 15 किलोचा डबा मिळतो व 15 लिटरचाही मिळतो, आणि दोन्ही डबे शेजारी ठेवले तर फरक चटकन लक्षात येत नाही. एक लिटर तेलाचे वजन मात्र साधारण 910 ग्रॅमच भरते. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात सुमारे 13 किलो 650 ग्रॅम तेल असते. उदाहरणादाखल, किलोचा डबा 2,400 रुपयांस व लिटरचा डबा 2,250 रुपयांस असेल, तर दीडशे रुपये वाचले असे वाटते. पण पहिल्यात तेल 160 रुपये किलोने पडते आणि दुसऱ्यात जवळजवळ 165 रुपयांनी. पिशव्यांच्या बाबतीतही हाच नियम लावावा. शिवाय चार माणसांच्या घरात एवढा डबा फोडला की हात सैल होऊन तेल अधिक वापरले जाते, हे बऱ्याच गृहिणींनीच आम्हांस सांगितले आहे. ज्यांच्या घरी तळणे क्वचितच होते, त्यांनी डब्याच्या वाटेला न गेलेले बरे.

घाऊक खरेदीची आपल्या गोव्यातील खरी परंपरा पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याआधी घरात सामान भरून ठेवण्याची आहे, आणि तिच्यामागचा हिशेब आजही पक्का आहे. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, ताजे मासे महाग होतात, पावसामुळे बाजारात जाणे लांबते. म्हणून मे महिन्यात, माल भरपूर असताना व वाळवायला ऊन असताना, सुकी मिरची, चिंच, सोले (आमसुले), मीठ, सुके बांगडे व सुंगटे (सुकी कोळंबी) भरून ठेवावीत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हरमलची मिरची घेणाऱ्यांनी ती महिन्याच्या सुरुवातीस घ्यावी व वाटल्यास आमच्या दराशी ताडून पाहावी. मिरचीच्या बाबतीत तो बाजार आमच्यापेक्षा स्वस्त पडला, तर आम्हांस वाईट वाटणार नाही.

मात्र पुरुमेंताच्या यादीत सगळेच घालू नये. रवा, मैदा, बेसन व दळलेले मसाले आपल्या दमट हवेत आषाढ-श्रावणात लवकर खराब होतात. पाच किलो रवा घेऊन किलोमागे दोन रुपये वाचवले आणि त्यातील एक किलो पोरकिड्यांमुळे टाकला, तर त्यात बचत झाली नाही. असे जिन्नस पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच न्यावेत. तूरडाळ जास्त घेतल्यास तिला एरंडेल चोळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. उकडे तांदूळ चांगले टिकतात. त्यांचे पोते शेजारच्या दोन घरांनी मिळून घेतले, तर पोत्याचा दर दोघांनाही मिळतो. आम्ही ते समान वजनाने वाटून देतो.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचे दोन दिवस हे वर्षातील सर्वांत महाग दिवस असतात. गूळ, तूप आणि नेवऱ्यांचे (करंज्यांचे) सामान पंधरा दिवस आधी न्यावे. नारळ सोडणासकट घेतल्यास त्याहूनही आधी घेता येतील, कारण न सोललेला नारळ अधिक दिवस टिकतो. भाजीसाठी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर सवलतीचे दर असतात. बेळगावहून येणारी तीच भाजी आम्ही त्या दराने देऊ शकत नाही, तेव्हा ती तेथूनच घ्यावी. मिठाई कुठेही घेतली, तरी खोक्याचे वजन मिठाईच्या दराने मोजले जात नाही ना, एवढे पाहावे.

छापील कमाल किमतीत सर्व कर समाविष्ट असतात. तिच्यावर वेगळा जीएसटी कोणीही लावू शकत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून अंगाच्या साबणाच्या वड्या, शांपू, टूथपेस्ट व केसांचे तेल यांवरील हा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे, त्यामुळे त्याआधीचे दर लक्षात ठेवून तुलना करू नये. ‘दोनावर एक मोफत’ अशी योजना असेल, तर तिसरी वस्तू मुदतीच्या आत संपणार का, याचा विचार करून आणि मागील बाजूची तारीख पाहूनच ती घ्यावी. मुदत जवळ आलेला माल आम्ही दाराजवळच्या वेगळ्या फळीवर कमी दराने ठेवतो. त्याच आठवड्यात लागणार असेल तरच तो न्यावा.

यादी करून आणि शक्यतो जेवून यावे. ज्यांची वही आमच्याकडे आहे, त्यांनी महिन्यातून एकदा तिच्यातील नोंदी आपल्या यादीशी पडताळून पाहाव्यात; यादीबाहेरच्या वस्तू किती झाल्या, हे तिथे लगेच कळते. आमच्या काट्याची पडताळणी दरवर्षी होते व त्याचा दाखला गल्ल्यामागे लावलेला आहे. तरीही वजनाबद्दल शंका वाटल्यास सामान पुन्हा काट्यावर ठेवावयास सांगावे. तक्रार करावीशी वाटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक 1915 आहे. न फोडलेले पाकीट बिलासह आठ दिवसांच्या आत परत आणल्यास आम्ही ते बदलून देतो. सुटे धान्य व तेल यांना मात्र ही सोय नाही.