शट डाउन केलं, तरी संगणक बंद का होत नाही?

डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, काळात संगणक बंद करायला शिकावं लागतच नव्हतं. काम संपलं, स्क्रीनवर सी प्रॉम्प्ट (पुढच्या आज्ञेची वाट पाहणारी ओळ) आला, की कॅबिनेटचा खटका खाली. वीज तिथेच तुटायची.

हा सुटसुटीतपणा डिस्क कॅशने घालवला. माहिती आधी मेमरीत ठेवून सवडीने डिस्कवर उतरवली की काम झपाट्याने व्हायचं. पण मध्येच खटका दाबला तर फाइल अर्धवट. म्हणून विंडोज 95 आधी सगळी आवराआवर करायचं आणि मग काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत सांगायचं, की आता संगणक बंद करायला हरकत नाही. ती अक्षरं म्हणजे विंडोजच्या फोल्डरमधलं 'लोगोज डॉट सिस' नावाचं साधं चित्र. हौशी मंडळी पेंटमध्ये आपलं चित्र काढून तिथे बसवत.

खरी उलथापालथ केली ती इंटेलच्या 1995 मधल्या एटीएक्स या मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याच्या रचनेने. पुढचं बटण आता वीज तोडत नाही, मदरबोर्डला फक्त निरोप देतं. निरोप घ्यायला कुणीतरी जागं हवं, म्हणून मागचा स्विच चालू असेपर्यंत 5 व्होल्टची स्टँडबाय लाइन सुरूच. हँग झालेल्या मशीनचं बटण चार सेकंद दाबून धरावं लागतं, तेही यामुळेच.

वीजबचतीचा रेटा अमेरिकेतून आला. तिथल्या पर्यावरण संस्थेने 1992 मध्ये कमी वीज खाणाऱ्या उपकरणांना दिलं जाणारं 'एनर्जी स्टार' हे चिन्ह सुरू केलं. त्याच वर्षी आलेल्या एपीएम या वीजबचतीच्या पद्धतीत कारभार बायॉसकडे (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमकडे) होता; डिसेंबर 1996 च्या एसीपीआय या नव्या पद्धतीने तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे दिला. तिच्यातली एस3 अवस्था म्हणजे स्लीप: रॅम तेवढी जागी. एस4 म्हणजे हायबरनेट: रॅममधलं सगळं डिस्कवर, मग वीज गेली तरी बेहत्तर. लोडशेडिंगच्या दिवसांत यूपीएसने मान टाकली की दोन्हींतला फरक लगेच कळायचा. पुढे विंडोज व्हिस्टाच्या हायब्रिड स्लीपने दोन्ही एकत्र केले.

2012 च्या विंडोज 8 ने मात्र गुपचूप गंमत केली. त्याच्या फास्ट स्टार्टअप या सोयीत 'शट डाउन' म्हटलं की आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हायबरनेट होतो. म्हणून रोज रात्री बंद होणाऱ्या संगणकाच्या टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम (सलग चालू असल्याचा काळ) कित्येक दिवसांचा दिसतो. ड्रायव्हर (एखादं उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) अडला तर शट डाउनपेक्षा रीस्टार्टच कामी येतं, कारण त्यात कर्नल नव्याने सुरू होतो. पूर्णच बंद करायचा असेल, तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करायचं.