आडवा वारा आणि लहान विमान : पार्श्वभूमी

सोसाट्याच्या वाऱ्यात उड्डाण घेताना लहान विमान धावपट्टीवरून भरकटले किंवा एका पंखावर कलंडले अशी बातमी आली, की पहिला प्रश्न वैमानिकाला विचारला जातो : असल्या वाऱ्यात निघालाच कशाला? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. वारा कोणत्या दिशेने आला याइतकेच धावपट्टी कोणत्या दिशेला होती हेही महत्त्वाचे असते, आणि ती दिशा वैमानिकाने नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी आखणी करणाऱ्यांनी ठरवलेली असते. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्याने उलवे, पनवेल, खारघर भागातील रहिवाशांना आता विमाने रोज डोक्यावरून जाताना दिसतात, त्यामुळे हा इतिहास इथल्या वाचकांपुढे मांडणे अगत्याचे वाटते.

विमान आणि वाऱ्याचा झोत यांचा झगडा पहिल्या दिवसापासूनचा आहे. राइट बंधूंनी अमेरिकेतील किटी हॉकची जागा निवडली ती तेथे चांगला वारा मिळतो म्हणून, कारण समोरून वारा असला की जमिनीवरचा वेग कमी असूनही पंखांना पुरेशी उचल मिळते. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांनी चार उड्डाणे केली. चौथे उड्डाण संपल्यावर जमिनीवर नुसते उभे असलेले ते विमान वाऱ्याच्या एका झोताने उलथून टाकले आणि ते पुन्हा कधीच उडाले नाही.

सुरुवातीची बहुतेक विमानतळे म्हणजे मोकळी मैदाने होती. वारा पाहायचा, विमानाचे नाक त्याच्याकडे वळवायचे आणि निघायचे, अशी रीत होती. मुंबईत जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आपल्या पस मॉथ विमानाने तेथेच उतरले. पुढे विमाने जड झाली, त्यांना पक्की धावपट्टी लागू लागली, आणि पक्की धावपट्टी म्हणजे ठरलेली दिशा. तरीही जुन्या विमानतळांनी वाऱ्याची सोय ठेवली होती. जुहू आणि सांताक्रूझ या दोन्ही ठिकाणी एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या बांधल्या गेल्या, त्या याच विचारातून. मोठ्या जेट विमानांना मात्र आडव्या, म्हणजे धावपट्टीच्या बाजूने येणाऱ्या, वाऱ्याचे फारसे भय नसते, आणि जागाही महाग झाली. त्यामुळे नव्या विमानतळांवर समांतर धावपट्ट्यांचा प्रघात पडला. नवी मुंबई विमानतळाचा आराखडाही तसाच आहे : पहिली धावपट्टी ३,७०० मीटर लांब, साधारण पूर्व-पश्चिम, आणि दुसरी तिला समांतर.

यामागचा हिशेब आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांत स्पष्ट दिसतो. धावपट्टीची दिशा ठरवताना वाऱ्यामुळे ती किमान ९५ टक्के वेळ वापरता यावी, अशी अपेक्षा असते. पण किती आडवा वारा चालेल हे विमानावर अवलंबून असते. ज्या विमानांना १,५०० मीटर किंवा त्याहून लांब धावपट्टी लागते त्यांच्यासाठी २० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर, आणि १,२०० मीटरपेक्षा कमी लागणाऱ्यांसाठी फक्त १० नॉट धरले जातात. मोठ्या विमानांच्या हिशेबाने आखलेल्या एकाच दिशेच्या धावपट्टीवर जेव्हा लहान विमान उभे राहते, तेव्हा पूर्वी मैदानाने सोडवलेला प्रश्न वैमानिकाच्या हातापायांवर येऊन पडतो. केवळ ‘वैमानिकाची चूक’ असे लिहून मोकळे होणे मला म्हणूनच अन्यायाचे वाटते.

ते हातापायांचे काम नेमके काय असते, हे पाहण्यासारखे आहे. जगभर शिकाऊ वैमानिक ज्यावर शिकतात त्या सेस्ना १७२ विमानाचे कमाल वजन सुमारे १,१५० किलो असते, आणि चाचणीत सिद्ध झालेला आडवा वारा १५ नॉट. धावायला सुरुवात करताना वैमानिक वाऱ्याच्या बाजूचा पंख दाबून धरण्यासाठी एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, पूर्ण त्या बाजूला वळवतो आणि वेग वाढेल तसा हळूहळू सोडतो. विमानाचे नाक वाऱ्याकडे वळू पाहते, पुढच्या फिरत्या पंख्यामुळे (प्रोपेलरमुळे) ते डावीकडेही ओढले जाते, आणि हे सगळे पायांनी रडर, म्हणजे शेपटीवरचे सुकाणू, दाबून सावरायचे असते. वारा एकसारखा असेल तर हे जमते. झोत आला, तर पुरेसा वेग येण्याआधीच चाके जमिनीवरून सुटतात. लगेच झोत ओसरतो, उचल कमी होते आणि विमान बाजूला सरकत सरकत पुन्हा जमिनीवर आदळते. तो तिरका मार चाकांना सोसत नाही, आणि पंखाचे टोक धावपट्टीला घासते. म्हणून झोतांच्या दिवशी विमान थोडा अधिक वेग येईपर्यंत जमिनीवर दाबून धरायचे आणि मग एकदम उचलायचे, असे शिकवले जाते.

विमानांच्या रचनेतही यावर इलाज झाला. पस मॉथच्या पिढीतील विमाने शेपटीवर टेकलेली असत आणि त्यांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्याने एकदा वळू लागली की गरकन फिरत. नाकाखाली चाक असलेली रचना १९५० च्या दशकात लहान विमानांत रुळली आणि हा धोका बराच कमी झाला.

तरीही सगळा दोष धावपट्टीवर टाकता येत नाही. ११ एप्रिल १९९६ रोजी अमेरिकेतील शायेन येथे सेस्ना १७७ जातीचे विमान झोतांच्या वाऱ्यात आणि जवळ येणाऱ्या वादळात उडाले व लगेच कोसळले. सात वर्षांची एक मुलगी, तिचे वडील आणि प्रशिक्षक असे तिघेही गेले. विमानात मर्यादेपेक्षा जास्त वजन होते, आणि समुद्रसपाटीपासून बऱ्याच उंचावर वसलेल्या शायेनच्या विरळ हवेत उचल मुळातच कमी मिळत होती. बिघडत्या हवेत निघण्याचा प्रशिक्षकाचा निर्णय चुकीचा होता, असे तपासात ठरले.

आपल्या भागात खारे वारे आणि नैऋत्य मोसमी वारे पूर्व-पश्चिम धावपट्टीला बहुतांशी अनुकूल असतात. धास्ती असते ती वळवाची. सह्याद्रीवर जमलेले ढग दुपारनंतर किनाऱ्याकडे सरकतात आणि पावसाच्या आधी त्यांच्यातून थंड हवेचा लोट कोणत्याही दिशेने सुटतो. १३ मे २०२४ रोजी अशाच वादळात घाटकोपरचा फलक कोसळून १७ जण दगावले आणि मुंबई विमानतळाचे कामकाजही सुमारे तासभर थांबले. महाराष्ट्रात लहान विमानांचे प्रशिक्षण जेथे चालते त्या धुळे आणि बारामती या दोन्ही ठिकाणी धावपट्टी एकेकच आहे, त्यामुळे वळवाच्या दुपारी वारा आडवा फिरला की तेथे दुसरी दिशा निवडण्याची मुभा नसते, आणि विमान जमिनीवर बांधून ठेवून ढग निघून जाण्याची वाट पाहावी लागते.